कोरड्या भूमीतील बोगनवेल

बेंगळुरू शहराच्या उत्तरेस सुमारे ४० किलोमीटर अंतरावर देवनहळ्ळी हे गाव आहे. टिपू सुलतानाचे जन्मस्थान म्हणून आणि तेथील दगडी किल्ल्यामुळे ते इतिहासाच्या वाचकांस परिचित आहे. २००८ साली बेंगळुरूचा नवा विमानतळ याच तालुक्यात सुरू झाला, तेव्हापासून त्याचे नाव देशभर ऐकू येऊ लागले. मार्च महिन्यात या भागातून जाणाऱ्या प्रवाशाला तांबडी, भेगाळलेली जमीन, करड्या रंगाचे गवत आणि तळ दिसू लागलेले तलाव पाहावयास मिळतात. अशा या रखरखाटात एखाद्या कुंपणावरून किंवा रस्त्याच्या दुभाजकावरून किरमिजी, नारिंगी, पांढऱ्या रंगांचे झुबके ओसंडत असतात. ती बोगनवेल होय.

सभोवारचे सर्व काही पाण्यावाचून कोमेजत असता या एका वेलीने फुलावे, हे प्रथमदर्शनी नवलाचे वाटते. पाणी कमी असूनही ती फुलते, असे आपण म्हणतो. वस्तुस्थिती याहून निराळी आहे. पाणी कमी असणे हे तिच्या फुलण्याचे एक कारणच आहे. हे कारण नीट समजले, तर कोरड्या प्रदेशात बाग कशी करावी आणि कशी करू नये, याचे बरेचसे ज्ञान हाती येते.

वर्षातील काही महिन्यांचे वाळवंट

देवनहळ्ळी हे खऱ्या अर्थाने वाळवंट नव्हे. तेथे वर्षाकाठी सुमारे ८०० मिलिमीटर पाऊस पडतो. परंतु हा पाऊस वर्षभर सारखा विभागलेला नसतो. एप्रिल-मेपासून त्याला थोडीथोडी सुरुवात होते, सप्टेंबर व ऑक्टोबरमध्ये त्याचा जोर सर्वांत अधिक असतो आणि डिसेंबरपासून मार्चअखेरपर्यंत आकाश जवळजवळ कोरडे राहते. गाव समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर असल्यामुळे उन्हाळा मराठवाड्याइतका प्रखर नसतो. तरीही एप्रिलमध्ये पारा ३५ अंश सेल्सियसच्या आसपास जातो. २०१६ सालच्या एप्रिलमध्ये बेंगळुरू शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली होती.

जमीन तांबडी आहे. पुरातन खडकांची झीज होऊन ती तयार झाली असून लोहाच्या संयुगांमुळे तिला हा रंग आला आहे. खाली मुरूम असल्याने पाणी तिच्यातून लवकर निचरून जाते. म्हणजे हवा उष्ण, ऊन कडक आणि पायाखालची माती पाणी न धरणारी. झाडाच्या मुळांच्या दृष्टीने पाहिल्यास फेब्रुवारी ते मे हे चार महिने वाळवंटासारखेच जातात.

या तालुक्यात बारमाही नदी नाही. जवळच्या नंदी डोंगरात उगम पावणारी दक्षिण पिनाकिनी येथून वाहते, पण वर्षाचा बहुतेक काळ तिचे पात्र कोरडे असते. पूर्वीच्या राजवटींनी बांधलेले तलाव आणि विहिरी यांवर शेती चाले. पुढे विंधण विहिरी आल्या आणि उपसा वाढत गेला. पावसाने जमिनीत जेवढे पाणी मुरते त्याहून अधिक पाणी वर काढले जात असल्यामुळे केंद्रीय भूजल मंडळाने या तालुक्याची गणना अतिउपसा झालेल्या तालुक्यांत केली आहे. काही ठिकाणी हजार फूट खोल जाऊनही पाणी लागत नाही. देवनहळ्ळीचे पपनस प्रसिद्ध आहे आणि त्याला भौगोलिक निर्देशांकही मिळाला आहे. परंतु त्याच्या बागांना नियमित पाणी लागते, आणि जमिनी घरबांधणीकडे वळल्याने त्या बागा विरळ होत गेल्या. अशा स्थितीत नव्या घरांभोवती कोणती झाडे लावावीत, हा प्रश्न केवळ शोभेचा राहत नाही.

नाव आणि कुल

बोगनवेल मूळची दक्षिण अमेरिकेतील. ब्राझील, पेरू आणि अर्जेंटिना या देशांत तिच्या जाती रानटी अवस्थेत आढळतात. १७६७ साली लुई आंत्वान द बूगँव्हिल या फ्रेंच नाविकाच्या पृथ्वीप्रदक्षिणेत फिलिबेर कॉमेर्साँ हा वनस्पतिशास्त्रज्ञ सहभागी होता. रिओ द जानेरो येथे या वेलीचे नमुने गोळा करण्यात आले. कॉमेर्साँची सहायक जान बारे ही स्त्री असून पुरुषाच्या वेषात जहाजावर वावरत होती. पुढे पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण करणारी पहिली स्त्री म्हणून तिची नोंद झाली. वेलीला मात्र नाव मिळाले ते मोहिमेच्या प्रमुखाचे. १७८९ साली जुस्यू या शास्त्रज्ञाने या प्रजातीचे वर्णन प्रसिद्ध केले.

एकोणिसाव्या शतकात ही वेल भारतात आली. मराठीने त्या फ्रेंच आडनावाच्या शेवटच्या अक्षरांत आपला ‘वेल’ हा शब्द ऐकला आणि ‘बोगनवेल’ असे सहज उच्चारता येणारे नाव घडविले. कन्नड भाषेत तिला ‘कागदद हूवु’, म्हणजे कागदाचे फूल, म्हणतात. नाव परके असले तरी तिचे कुल आपल्याला अपरिचित नाही. सायंकाळी उमलणारी गुलबाशी आणि पावसाळ्यात जमिनीवर पसरणारी पुनर्नवा या दोन्ही वनस्पती बोगनवेलीच्याच कुलातील आहेत.

फूल कोणते?

ज्याला आपण बोगनवेलीचे फूल म्हणतो ते वस्तुतः फूल नव्हे. एक झुबका हाती घेऊन पाहावे. कागदासारखी पातळ, रंगीत अशी तीन पाने एकत्र जुळलेली दिसतील. त्यांना वनस्पतिशास्त्रात छद म्हणतात. छद म्हणजे फुलाजवळचे रूपांतरित पान. प्रत्येक छदाच्या मधल्या शिरेवर एकेक बारीक नळी चिकटलेली असते आणि तिच्या टोकाशी मलईच्या रंगाची चिमुकली चांदणी उमललेली असते. तेच खरे फूल. त्याला पाकळ्या नसतात. नळी आणि चांदणी मिळून त्याचे परिदल होते. खरे फूल लहान असल्यामुळे कीटकांचे लक्ष वेधून घेण्याचे काम छद करतात, आणि फळ धरल्यास वाऱ्यावर उडण्यासाठी पंखाप्रमाणेही त्यांचा उपयोग होतो.

छदांचा रंगही विशेष आहे. गुलाब, जास्वंद, जांभूळ यांचा लाल-जांभळा रंग ज्या द्रव्यांमुळे येतो ती द्रव्ये बोगनवेलीत नसतात. तिचा रंग बीटाच्या कंदातील रंगाच्या वर्गातला आहे. हा वर्ग वनस्पतिसृष्टीतील मोजक्याच कुलांत सापडतो, आणि ज्या वनस्पतीत तो असतो तिच्यात गुलाबाच्या वर्गातले रंग आढळत नाहीत. छद पाकळ्यांपेक्षा टिकाऊ असतात. पातळ व कोरडे असल्यामुळे ते लवकर कोमेजत नाहीत आणि कित्येक आठवडे वेलीवर राहतात. कडक उन्हात बोगनवेल दीर्घकाळ रंगीत दिसते, याचे हे एक कारण आहे.

काटा आणि फुलोरा

आता मुख्य प्रश्नाकडे वळावयास हरकत नाही. बोगनवेलीच्या फांदीवर प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा असतो. या डोळ्याचा कधी काटा होतो, तर कधी फुलोरा. दोहोंचा उगम एकच आहे. १९६० नंतरच्या दशकात कॅलिफोर्निया विद्यापीठातील हॅकेट व सॅक्स या संशोधकांनी यावर प्रयोग केले. दिवस लहान असताना डोळ्याचा फुलोरा होण्याकडे कल असतो. दिवस मोठे असताना, किंवा जिबरेलिन हे वाढ उत्तेजित करणारे द्रव्य फवारले असता, त्याच डोळ्याचा काटा होतो, असे त्यांना दिसून आले. वेलीचे बळ लांबच लांब फांद्या काढण्यात खर्च होत असले की डोळ्याच्या वाट्याला पोषण कमी येते आणि तो काट्यावर थांबतो. फांदीची धाव मंदावली की तेच पोषण त्याच्याकडे वळते व फुलोरा पुरा होतो.

देवनहळ्ळी विषुववृत्तापासून फार दूर नाही. तेथील सर्वांत लहान दिवस सुमारे साडेअकरा तासांचा आणि सर्वांत मोठा सुमारे तेरा तासांचा असतो. दिवसाच्या लांबीतील फरक इतका थोडा असल्याने वेलीची धाव थांबविणाऱ्या दुसऱ्या कारणाला तेथे महत्त्व येते. ते कारण म्हणजे पाण्याचा ताण.

वनस्पतीची पेशी मोठी होते ती आतील पाण्याच्या दाबामुळे. फुग्यात हवा भरावी तसे पाणी पेशीत भरते आणि तिची भिंत ताणली जाते. मातीतील पाणी कमी होऊ लागले की हा दाब प्रथम घटतो आणि नवी पालवी वाढणे थांबते. परंतु जुनी पाने उन्हात अन्न तयार करण्याचे काम आणखी काही काळ चालू ठेवतात. म्हणजे वाढ आधी थांबते, अन्ननिर्मिती नंतर. मधल्या काळात तयार झालेली शर्करा पालवीत खर्च होत नाही. ती साठते आणि बगलेतील डोळ्यांना मिळते. कोरड्या महिन्यांत बोगनवेल बहरते, त्याचे मर्म येथे आहे. उलटपक्षी पावसाळ्यात, अथवा रोज पाणी घातलेल्या बागेत, हीच वेल हिरवीगार होते, लांब कोंब सोडते आणि काट्यांनी भरून जाते. ‘इतकी काळजी घेऊनही फूल येत नाही’, अशी तक्रार करणाऱ्याच्या बागेत बहुधा पाण्याची नळी रोज फिरत असते.

लागवड

वरील विवेचनावरून लागवडीचे नियम आपोआपच निघतात. पहिला नियम उन्हाचा. दिवसातून निदान सहा तास थेट ऊन मिळेल अशीच जागा निवडावी. सावलीत वेल जगते, पण अन्न कमी तयार झाल्याने फुलत नाही.

दुसरा नियम निचऱ्याचा. देवनहळ्ळीसारख्या तांबड्या, मुरमाड जमिनीत तो निसर्गतःच असतो. सुमारे दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात निघालेली माती आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण भरावे. सोलापूर किंवा मराठवाड्यातील काळ्या जमिनीत मात्र पाणी साचून मुळे कुजण्याचा धोका असतो. तेथे मुरूम मिसळून उंच वरंबा करावा आणि त्यावर वेल लावावी. किंचित आम्ल माती तिला मानवते. चुनखडीच्या जमिनीत लोह मुळांना घेता येत नाही आणि पाने पिवळी पडून केवळ शिरा हिरव्या राहतात.

रोप छाट कलमाने तयार करतात. पेन्सिलीएवढ्या जाडीच्या पक्व फांदीचे वीतभर लांबीचे, तीन-चार डोळ्यांचे तुकडे घेऊन ते वाळूमिश्रित मातीत सावलीत लावावेत. ज्या प्रकारांना अशा रीतीने मुळे फुटत नाहीत त्यांची गुटी बांधतात. बागेतील बहुतेक प्रकारांना बी क्वचितच धरते. त्यामुळे नवे प्रकार पुष्कळदा एखाद्या फांदीत आपोआप घडलेल्या बदलातून मिळाले आहेत. एकाच वेलीवर पांढरे व किरमिजी छद धरणारी ‘मेरी पामर’ आणि तशाच फुलांची, पण चित्रविचित्र पानांची ‘थिम्मा’ ही त्यांची परिचित उदाहरणे. बोगनवेलीच्या प्रकारांची जागतिक नोंदणी करण्याचे काम नवी दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेकडे सोपविण्यात आले, यावरून या परदेशी वेलीवर भारतात किती काम झाले आहे याची कल्पना येईल.

रोप जमिनीत लावताना त्याच्या मुळांभोवतीचा मातीचा गोळा फुटू देऊ नये. बोगनवेलीची मुळे नाजूक असतात आणि ती तुटल्यास चांगले रोपही दगावते. लागवडीस जून-जुलै हा काळ योग्य, कारण पुढील पावसाच्या महिन्यांत मुळे खोल जातात. हिवाळ्याची तेथे धास्ती नाही. दहिवर गोठण्याइतकी थंडी पडल्यास बोगनवेलीची कोवळी पालवी जळते, पण देवनहळ्ळीस अशी थंडी पडत नाही.

पाणी किती आणि केव्हा

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. बोगनवेल अवर्षण सोसते, ही गोष्ट मुरलेल्या वेलीची आहे, नव्या रोपाची नव्हे. लावल्यानंतरच्या पहिल्या वर्षी पावसाने ओढ दिल्यास दर तीन-चार दिवसांनी पाणी दिलेच पाहिजे. त्या काळात ताण दिला तर वेल फुलण्याऐवजी मरते. दुसऱ्या वर्षापासून पाण्याच्या पाळ्या लांबवाव्यात. थोडे थोडे पाणी वारंवार दिल्यास मुळे वरच्या थरातच राहतात. दहा-बारा दिवसांनी एकदा, पण आळे भरून दिलेले पाणी खोल उतरते आणि मुळांनाही खोल नेते.

पावसाळा संपल्यावर मुद्दाम पाणी तोडावे. कोवळी पाने दुपारी मलूल होऊ लागली आणि सायंकाळीही ती सावरली नाहीत, म्हणजे ताण पुरेसा झाला असे समजावे. त्यानंतर पाणी द्यावे आणि पुन्हा थांबावे. पाने गळेपर्यंत ताण देणे मात्र चुकीचे आहे. कारण अन्न बनविणारी पानेच गेली तर डोळ्यांना काय मिळणार? कुंडीतील वेलीची माती थोडी असल्याने तिचा ताण लवकर गाठला जातो. तिच्याकडे रोज लक्ष ठेवावे लागते.

खताच्या बाबतीतही हेच सूत्र आहे. नत्र अधिक दिल्यास पालवी माजते. पावसाळ्याच्या आरंभी शेणखत व थोडी निंबोळी पेंड पुरेशी होते. बहर ओसरला की छाटणी करावी. फुलोरा नव्या फांद्यांवर येत असल्याने छाटणी टाळल्यास वेल उंच व उघडी होत जाते. छाटताना जाड हातमोजे घालावेत, कारण काट्याची जखम ठसठसते. कोवळ्या शेंड्यांवर मावा आणि फांद्यांच्या बेचक्यांत पिठ्या ढेकूण दिसल्यास तो भाग काढून टाकावा, किंवा साबणाच्या पाण्याने धुवावा.

पाण्याचा हिशेब

कोरड्या प्रदेशात बागेचा विचार लिटरांत करावयास शिकले पाहिजे. शंभर चौरस मीटर हिरवळ घेऊ. उन्हाळ्यात तिच्यातून रोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी हवेत जाते असे धरल्यास तिला दररोज ५०० लिटर पाणी लागेल. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांचे ते ६०,००० लिटर होतात, म्हणजे ६,००० लिटरचे दहा टँकर. त्याच जागेत तीन-तीन मीटरवर दहा मुरलेल्या बोगनवेली लावल्या आणि प्रत्येकीला बारा दिवसांनी २० लिटर पाणी दिले, तर चार महिन्यांत २,००० लिटर लागतात. हिरवळीच्या तीसाव्या हिश्शात बाग फुलते. माती, ऊन आणि वेलीचा विस्तार यांप्रमाणे हे आकडे बदलतील. तथापि दोहोंतील अंतर सहज मिटण्याजोगे नाही. विंधण विहीर कोरडी पडत चाललेल्या गावात हे अंतर कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्याचे असते.

याचा अर्थ सगळीकडे बोगनवेलच लावावी, असा नव्हे. ती परदेशातून आलेली आहे आणि तिच्या लांब, अरुंद नळीतील मध येथील थोड्याच कीटकांना घेता येतो. तिच्या जोडीला आपल्याच माळरानावरची झुडपे असावीत. पिवळ्या फुलांचा तरवड हा त्यांपैकी एक. तो दख्खनच्या कोरड्या माळांवर आपोआप उगवतो, पाण्यावाचून टिकतो आणि मधमाश्यांना उपयोगी पडतो. बोगनवेलीचे कुंपण आणि आत तरवडासारखी देशी झुडपे, अशी योजना पाण्यालाही परवडते आणि कीटकांनाही.

शाळेत करण्याजोगा प्रयोग

या पुस्तिकेत सांगितलेली गोष्ट विद्यार्थ्यांनी केवळ वाचून स्वीकारू नये. ती पडताळून पाहणे कठीण नाही. एकाच वेलीपासून केलेली सहा छाट कलमे सारख्या आकाराच्या सहा कुंड्यांत वाढवावीत. ती वर्षाची झाल्यावर जानेवारीत सर्व कुंड्या एकाच उन्हाच्या जागी ठेवाव्यात. तीन कुंड्यांना रोज पाणी द्यावे आणि तीन कुंड्यांना पाने मलूल झाल्यावरच द्यावे. प्रत्येक वेळी दिलेले पाणी मापाने मोजून वहीत लिहावे. दर शनिवारी प्रत्येक वेलीवरील नव्या कोंबांची लांबी, काट्यांची संख्या आणि फुलोऱ्यांची संख्या नोंदवावी. एकेका कुंडीवरून निष्कर्ष काढू नये. एखादे रोप मुळातच दुबळे असू शकते, म्हणून तीन-तीन कुंड्या घ्यावयाच्या.

मार्चअखेर दोन्ही गटांच्या बेरजा फळ्यावर शेजारी शेजारी मांडाव्यात. कोणत्या गटात काटे अधिक आले आणि कोणत्या गटात फुलोरे, हे तेथे दिसेल. एकूण किती लिटर पाणी कोणत्या गटावर खर्च झाले, हा तिसरा आकडाही त्यांच्याखाली लिहावयास विसरू नये.